नवे घर, मुरमाड परडे आणि फेब्रुवारी: भाजीपाला आत्ता लावावा की मृगापर्यंत थांबावे?

आजऱ्याची_लेक (११ फेब्रुवारी)

नमस्कार मंडळी. नऊ वर्षे राजारामपुरीत भाड्याच्या घरात काढल्यानंतर गेल्या महिन्यात आम्ही पाचगावच्या माळावर बांधलेल्या स्वतःच्या घरात राहायला आलो. घरामागे पूर्वेच्या बाजूला वीस फूट बाय पंधरा फूट एवढी जागा मी भांडून मोकळी ठेवून घेतली आहे. माझे माहेर आजऱ्याजवळचे. तिथे प्रत्येक घरामागे परडे असते आणि स्वयंपाकाला सुरुवात करण्याआधी परड्यात एक फेरी मारून यायची पद्धत असते, त्यामुळे आपल्याही घरामागे तसे परडे असावे ही इच्छा जुनी आहे.

परवा हौसेने कुदळ मारली आणि पहिल्याच घावाला ठिणगी उडाली. वरच्या थरात भरावाचा मुरूम आहे. त्याखाली विटांचे तुकडे, घट्ट झालेल्या सिमेंटचे गोळे आणि रंगाच्या डब्याचे एक झाकण निघाले. माती म्हणावी असे काही दीड फुटापर्यंत तरी दिसले नाही.

सासूबाईंचे म्हणणे असे, की उन्हाळ्याच्या तोंडावर कोणी लावणी करीत नाही, मृगाचा पाऊस पडू द्यावा. यजमानांना तिथे हिरवळ हवी आहे. मला मात्र आत्ताच सुरुवात करायची आहे, कारण चार महिने ती जागा तशीच राहिली तर तिथे हिरवळ येईल किंवा जुन्या घरातले कपाट येईल. फेब्रुवारीत सुरुवात केली तर काय लावावे, आणि या जमिनीचे काय करावे?

रंकाळ्याचा_वारा (११ फेब्रुवारी)

आधी मिरची लावा. खर्डा झाला की कोल्हापुरात दुसऱ्या भाजीची गरज पडत नाही.

गच्चीवरची_बाग (११ फेब्रुवारी)

नव्या घराबद्दल अभिनंदन. माझा सल्ला असा, की जमिनीच्या नादाला या वर्षी लागूच नका. दहा-बारा पिशव्या आणा, त्यांत चांगली माती, शेणखत आणि कोकोपीट भरा आणि भाजी सुरू करा. शाहूपुरीतल्या आमच्या गच्चीवर मी सहा वर्षे याच पद्धतीने वांगी, मिरची आणि पालक घेते आहे. वसंत ऋतूच्या सुरुवातीला लावलेल्या रोपांची वाढ फार सुंदर होते.

पंचांगवाले_काका (१२ फेब्रुवारी)

वसंतपंचमी माघात येत असली, तरी पंचांगाप्रमाणे वसंत ऋतू म्हणजे चैत्र आणि वैशाख, आणि आपल्याकडचे चैत्र-वैशाख म्हणजे रखरखीत ऊन. थंड प्रदेशातले लोक बर्फ वितळला की वाफे करायला घेतात, आणि त्यांची चित्रे पाहून आपणही त्याच महिन्यात तेच करायला जातो. त्यांचा वसंत उबेकडे नेतो, आपला भाजणीकडे नेतो. धागाकर्तीने ‘आता हवा सुखद होत जाईल’ असे मनात धरले असेल तर ते आधी काढून टाकावे.

जुना_वाफेकर (१२ फेब्रुवारी)

कृषी खात्यात एकतीस वर्षे नोकरी करून मी निवृत्त झालो आहे आणि कळंब्याजवळ माझे स्वतःचे परडे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. पंचांगवाले काकांचा मुद्दा योग्य आहे. फक्त त्यावरून ‘थांबा’ असा निष्कर्ष निघत नाही. उन्हाळी भाजीपाल्याचा आपल्याकडे स्वतंत्र हंगाम आहे आणि त्याची पेरणी फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच चांगली होते. भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारले, दुधी आणि माठाच्या जातीच्या पालेभाज्या ही या हंगामाची पिके आहेत. टोमॅटोची रोपे आत्ता लावली तर फुलोरा नेमका एप्रिलमध्ये येईल आणि पारा ३७-३८ अंशांवर गेला की फुले गळून पडतील. फ्लॉवर, कोबी आणि वाटाणा यांचा विचार दिवाळीपर्यंत करू नये.

पण ताई, आपला खरा प्रश्न बियाण्याचा नाही, मातीचा आणि पाण्याचा आहे. तीनशे चौरस फूट जागा एकदम करायला घेऊ नका. उन्हाळ्यात एका चौरस मीटरला दिवसाला साधारण पाच लिटर पाणी लागते असे धरले, तर पूर्ण जागेला रोज १४० लिटर पाणी द्यावे लागेल. तेवढे पाणी मे महिन्यात आपल्याकडे असेल का, याचे उत्तर आधी द्या. शंभर चौरस फुटांचा तुकडा घेतला तर पन्नास लिटरांच्या आत भागते, म्हणजे मोठ्या तीन बादल्या. भाज्या, तांदूळ आणि डाळी धुतलेल्या पाण्यातून त्यातली एखादी बादली सहज निघते.

तो तुकडा एक फूट खोल खणा, सिमेंटचा खडान्‌खडा वेचून बाहेर काढा आणि पोयट्याची, म्हणजे ना फार चिकण ना फार वाळूची, माती भरा. शंभर चौरस फुटांवर एक फूट जाडीचा थर म्हणजे बरोबर एक ब्रास माती लागते, त्यामुळे ट्रॅक्टरवाल्याशी बोलताना हिशेब सोपा पडतो. त्यात चौरस मीटरला पाच किलो या प्रमाणात चांगले कुजलेले शेणखत मिसळा. नेहमीच्या शेताला याच्या निम्मे पुरते, पण आपल्याकडे माती नव्याने घडवायची आहे.

सिमेंट वेचून काढण्याविषयी मी एवढा आग्रह धरतो, कारण त्यातल्या चुन्याने मातीचा सामू, म्हणजे पीएच, वाढतो. सामू वाढला की जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही आणि नवी पाने पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहतात. मग लोक ‘खत कमी पडले’ असे समजून युरिया टाकत बसतात.

विटा_वाळू_सिमेंट (१२ फेब्रुवारी)

वाफेकर काकांचा प्रतिसाद उत्तम आहे, परंतु मी स्थापत्य अभियंता असल्यामुळे घराच्या बाजूने दोन गोष्टी सांगणे भाग आहे.

पहिली गोष्ट अशी, की काळी माती आणून ती घराच्या पायाला लागून पसरू नका. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते. आपला पाया कोरड्या, टणक मुरमावर आहे हे आपले भाग्य आहे. त्याला लागून रोज पाणी पिणारा काळ्या मातीचा वाफा केला, तर ते भाग्य आपण स्वतःच्या हाताने घालवाल. भिंतीपासून निदान तीन फूट जागा सोडा आणि तिथे बाहेरच्या दिशेने उतार असलेली फरशी करून घ्या.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नवे घर बांधताना पायाभोवतीच्या मातीत वाळवीप्रतिबंधक औषध सोडण्याची पद्धत आहे. आपल्या घरी ते सोडले आहे का आणि कुठे सोडले आहे, हे ठेकेदाराला विचारून घ्या. ते कीटकनाशक असते आणि वर्षानुवर्षे टिकावे म्हणूनच दिलेले असते. त्या पट्ट्यात खाण्याची कोणतीही वस्तू लावू नये, आणि तिथली माती उकरून वाफ्यात तर मुळीच टाकू नये.

आजऱ्याची_लेक (१२ फेब्रुवारी)

हा मुद्दा माझ्या स्वप्नातही आला नव्हता. मी तर मागच्या भिंतीला लागूनच कोथिंबीर टाकणार होते, म्हणजे स्वयंपाकघराच्या दारातून हात लांबवला की झाले. आत्ताच ठेकेदाराला दूरध्वनी केला. औषध सोडले आहे आणि भिंतीपासून दोन फुटांपर्यंत सोडले आहे, असे त्यांनी सांगितले. आपले फार उपकार झाले.

रंकाळ्याचा_वारा (१२ फेब्रुवारी)

त्या तीन फुटांत यजमानांची हिरवळ लावून द्या. घरात शांतता राहील आणि वाळवीही येणार नाही.

मळीचा_शेतकरी (१३ फेब्रुवारी)

मी शिरोळ तालुक्यातला ऊस उत्पादक आहे. परसबागेचा अनुभव घरातल्या बायकांचा, माझा नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या भागात सध्या तोडणी चालू आहे आणि शेतोशेती पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पडलेले आहे. एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून चार भारे मागून घ्या. वाफ्यात रोपांच्या मधल्या जागेवर तीन-चार बोटे जाडीचा थर अंथरला की पाणी निम्म्या वेळाही द्यावे लागत नाही आणि तणही दबते. मात्र पाचट मातीत गाडू नका. कच्चे पाचट मातीत मिसळले की ते कुजवणारे जिवाणू जमिनीतले नत्र स्वतःच वापरतात आणि पीक पिवळे पडते. वरच राहू द्यावे, ते आपोआप खालून कुजत जाते.

शेणखताबद्दल मात्र मी अधिकाराने बोलतो. कच्चे शेण घालू नका, कोणी फुकट दिले तरी घालू नका. कच्च्या शेणखतातून हुमणी येते आणि आमच्या उसाची या किडीने काय दैना केली आहे ते जिल्ह्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. वळवाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी जमिनीतून भुंगेरे बाहेर पडतात, कडुनिंबावर आणि बाभळीवर गोळा होतात आणि मग जमिनीत अंडी घालतात. अळी मुळे खाते आणि वरून झाड नुसते सुकताना दिसते. त्या आठवड्यात रात्री दिवा लावून त्याखाली रॉकेल मिसळलेल्या पाण्याचे घमेले ठेवले तर भुंगेरे त्यात पडून मरतात. खत हातात घेतल्यावर शेणाचा नव्हे, मातीचा वास आला तर ते तयार झाले असे समजावे.

विटा_वाळू_सिमेंट (१३ फेब्रुवारी)

पाचट वाळवीचे आवडते खाद्य आहे. तेही भिंतीपासून दूरच असावे.

मळीचा_शेतकरी (१३ फेब्रुवारी)

अभियंतासाहेब, आपल्या हिशेबाने बाग शेजाऱ्याच्या हद्दीत करावी लागेल.

बावड्याची_सून (१४ फेब्रुवारी)

वरच्या सर्व प्रतिसादांत ‘पोयट्याची माती आणा’ असे सहज म्हटले आहे, म्हणून माझा अनुभव सांगते. आमचे घर कसबा बावड्यात, नदीच्या बाजूला आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या परड्यात पंचगंगेचे पाणी कमरेएवढे होते आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा आले. पाणी ओसरल्यावर वीतभर गाळ बसला होता. शेतात येणारा नदीचा गाळ सोन्यासारखा असतो असे ऐकून मी त्यावर लगेच मुळा आणि मेथी पेरली. पीक एवढे जोमदार आले, की शेजारणी पाहायला येत होत्या. मग सासरे शांतपणे म्हणाले, की या पाण्यात साऱ्या गावाची गटारे मिसळलेली होती, हे तू लक्षात घेतले आहेस ना. ती मेथी आम्ही उपटून टाकली. त्या जागी वर्षभर फक्त झेंडू आणि शेवंती लावली, आणि कच्चे खाण्याची कोणतीही भाजी त्यानंतरच्या हंगामापासून घेतली.

सांगायचे एवढेच, की विकत आणलेली माती कुठून उचललेली आहे ते विचारा. ट्रॅक्टरवाल्याच्या भाषेत काळे दिसणारे सर्व काही पोयटा असते. शक्य असल्यास स्वतः जाऊन पाहा. मूठभर माती ओली करून वळकटी करून पाहावी. लांब, चिवट, न तुटणारी वळी झाली तर त्यात चिकणमाती फार आहे, आणि वळी होतच नसेल तर ती बहुतांशी वाळू आहे. थोडी वळून मग तुटणारी माती घ्यावी.

जुना_वाफेकर (१४ फेब्रुवारी)

सूनबाईंचा मुद्दा शंभर टक्के मान्य. माती येऊन पडली की परीक्षण करून घ्यावे. ढिगाच्या सहा-आठ ठिकाणांहून मूठमूठ माती घ्या, ती एकत्र करून कागदावर पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन भाग काढून टाका, उरलेली पुन्हा पसरून तेच करा, आणि अर्धा किलो राहिली की सावलीत वाळवून पिशवीत भरा. शासकीय मृद चाचणी प्रयोगशाळेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, स्फुरद आणि पालाश यांची तपासणी होते. सामू साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान असला तर निश्चिंत राहावे.

गच्चीवरची_बाग (१४ फेब्रुवारी)

एवढा खटाटोप, एक ब्रास माती, प्रयोगशाळा आणि तीन फुटांची फरशी! म्हणून तर मी पिशव्या सुचवल्या होत्या.

घाटावरचा_पाऊस (१५ फेब्रुवारी)

गच्चीवरची बाग यांच्याशी मी असहमत आहे. पिशवीतली माती चारी बाजूंनी तापते, एप्रिलच्या दुपारी मुळे अक्षरशः शिजतात आणि दोन दिवस गावाला गेले की सगळे संपते. शाहूपुरीत आपल्या गच्चीवर शेजारच्या इमारतीची सावली असेल. पाचगावच्या माळावर सावली नावाची वस्तू विकत आणावी लागते.

माझे घर गगनबावड्याच्या वाटेवर आहे आणि आमची माती तांबडी, जांभ्याची, त्यामुळे जमिनीविषयी मी काही सांगत नाही. पण वाफ्याच्या आकाराविषयी सांगतो, कारण तिथे माझी स्वतःची फजिती झाली आहे. चित्रांत पाहून मी मार्चमध्ये सुंदर उंच गादीवाफे केले. दिलेले पाणी दोन्ही बाजूंनी निथळून जायचे आणि वाफे सकाळी भिजवले तर दुपारी कोरडे व्हायचे. शेजारच्या मावशी रोज कुंपणापलीकडून पाहायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. अखेर एके दिवशी म्हणाल्या, ‘अवो, पावसाळ्यात माती वर आणि उन्हाळ्यात माती खाली.’ उन्हाळ्यात वाफा जमिनीपेक्षा चार बोटे खोल ठेवायचा, कडेने वरंबा करायचा आणि पाणी आत कोंडायचे. पाऊस लागायच्या आत तीच माती उचलून उंच वाफे करायचे, म्हणजे मुळांशी पाणी साचत नाही.

आजऱ्याची_लेक (१६ फेब्रुवारी)

मावशींचे वाक्य मी स्वयंपाकघरातल्या फळीवर लिहून ठेवले आहे. सासूबाईंनी ते वाचले आणि ‘हे तर मीही सांगितले असते, मला कोणी विचारले का?’ असे म्हणाल्या. आता त्या बागेच्या बाजूने आहेत, त्यामुळे घरातले मतदान दोन विरुद्ध एक झाले आहे. जागेचा एक कोपरा शंभर चौरस फुटांचा निश्चित केला. आता बियाण्याचे सांगा.

जुना_वाफेकर (१६ फेब्रुवारी)

लक्ष्मीपुरीत बियाण्यांची दुकाने आहेत. तिथे रंगीत चित्र पाहून पाकीट घेऊ नका, मागच्या बाजूची चाचणीची तारीख आणि मुदत पाहून घ्या. भेंडीसाठी परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका मागा. उन्हाळ्यात पांढरी माशी फार असते आणि ती भेंडीवर हळद्या रोग पसरवते, पानांच्या शिरा पिवळ्याजर्द होतात. हे दोन्ही वाण त्या रोगाला बऱ्यापैकी तोंड देतात आणि संकरित नसल्यामुळे त्यांचे बी पुढच्या वर्षी आपल्याला धरता येते. गवारीसाठी पुसा नवबहार चांगले.

भेंडीचे बी टणक असते. रात्रभर कोमट पाण्यात भिजवून सकाळी टोकावे. पण अजून पहाटे गारवा आहे, म्हणून घाई करू नका. जमीन गार असली की भेंडी उगवत नाही, नुसती कुजते. पहाटे पांघरूण नकोसे झाले की पेरणी करावी. वेलवर्गीय भाज्यांचा मांडव वाफ्याच्या पश्चिमेला करा, म्हणजे दुपारनंतरचे ऊन वेल खातील आणि त्यांच्या सावलीत कोथिंबीर तग धरेल. धने चपलेच्या टाचेखाली हलके रगडून त्यांच्या दोन डाळी वेगळ्या करून मगच पेरावेत.

बावड्याची_सून (१७ फेब्रुवारी)

वेलांबद्दल एक भर घालते, कारण नवे लोक इथे हमखास घाबरतात. आधी नुसती नर फुले येतात आणि गळून जातात, आणि ‘फुले गळतात, औषध सांगा’ असे प्रश्न सुरू होतात. औषध नको. मागाहून येणाऱ्या मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ असते. नव्या वसाहतीत मधमाश्या कमी असल्या तर नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाला आपण हाताने लावायचे. काकडी आणि कारल्याची फुले सकाळी उमलतात, पण दोडक्याची आणि दुधीची संध्याकाळी. मी पहिल्या वर्षी रोज सकाळी दोडक्यापुढे उभी राहत होते आणि मिटलेल्या फुलांना दोष देत होते.

रंकाळ्याचा_वारा (१७ फेब्रुवारी)

म्हणजे दोडका आमच्यासारखाच आहे. संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जायच्या वेळीच त्याला जाग येते.

भुकेला_पांथस्थ (१८ फेब्रुवारी)

जीवामृताचा उल्लेख अजून कोणी केला नाही याचे आश्चर्य वाटते. वीस लिटर पाण्याला एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र, दोनशे ग्रॅम गूळ, दोनशे ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती असे मिसळून सावलीत ठेवावे, दिवसातून दोनदा ढवळावे, दोन दिवसांनी वापरायला घ्यावे आणि आठवड्याच्या आत संपवावे. आपण गुळाच्या गावात राहतो, तेव्हा साहित्याची अडचण नाही.

मळीचा_शेतकरी (१८ फेब्रुवारी)

कोल्हापुरी गूळ आणि बेसन घरात असताना ते मातीत ओतायला सासूबाई परवानगी देतील, असे वाटत नाही.

भुकेला_पांथस्थ (१८ फेब्रुवारी)

काळपट पडलेला जुना गूळ घ्यावा, तोच अधिक चांगला. बेसनालाही कीड लागलेली चालते.

पंचांगवाले_काका (१९ फेब्रुवारी)

सर्वांनी एवढे उत्साहाचे सल्ले दिले आहेत, तरी मी माझ्या मतावर ठाम आहे. पहिल्या वर्षी उन्हाळा जमिनीला द्यावा. खणून, खत घालून, पाचट अंथरून ठेवावे आणि मृगाला पेरावे. नवखा माणूस पहिल्याच हंगामात हरला की त्याचे खुरपे कायमचे अडगळीत जाते. असे तीन शेजारी मी पाहिले आहेत.

आजऱ्याची_लेक (१२ मे)

तीन महिन्यांनी परत आले आहे. या धाग्यावर कोणी विचारले नाही, तरी हिशेब देणे माझे कर्तव्य आहे.

खणण्यात दहा दिवस गेले. सिमेंटचे गोळे, विटा आणि तारा मिळून एकोणीस घमेली निघाली. माती कुठली आहे असे विचारल्यावर पहिला ट्रॅक्टरवाला नाराज झाला आणि आलाच नाही. दुसऱ्याने स्वतः नेऊन शेत दाखवले. परीक्षणात सामू ७.४ आला. पेरणी १ मार्चला केली.

मेथी मी कोणालाही न विचारता २२ फेब्रुवारीलाच टाकली होती. एक जुडी झाली, दुसरी कापणी कडू निघाली आणि त्यानंतर ती फुलावर गेली. कोथिंबीर मांडवाखाली एप्रिलच्या मध्यापर्यंत टिकली. वीस एप्रिलला पहिली भेंडी तोडली आणि आता एक दिवसाआड पाव किलो निघते आहे. चार झाडांवर हळद्या दिसला, ती उपटून टाकली. गवार भरपूर आली. काकडीला लग्नाच्या गडबडीत चार दिवस पाणी कमी पडले आणि त्या आठवड्यातल्या काकड्या विषासारख्या कडू झाल्या, पाणी नियमित दिल्यावर पुढच्या बऱ्या आल्या. गेल्या पंधरवड्यात वळीव आला तो गारा घेऊनच. दोडक्याचा मांडव आडवा झाला आणि पानांची चाळण झाली. मी पायरीवर बसून रडले, हेही लिहून टाकते. सासूबाई मात्र बॅटरी घेऊन रात्री बाहेर गेल्या आणि समोरच्या कडुनिंबाखालून डबाभर भुंगेरे गोळा करून आल्या.

पंचांगवाले काकांना मानाने सांगते, की मेथी आणि दोडका यांच्या बाबतीत आपण बरोबर होता. परंतु मृगापर्यंत थांबले असते तर ती एकोणीस घमेली आज जमिनीतच असती. पाऊस येणार म्हणून माती कोणी खणत नाही, पेरायचे आहे म्हणून खणते.

पंचांगवाले_काका (१२ मे)

मान्य. पण मेथी विचारून टाकायला हवी होती.

जुना_वाफेकर (१३ मे)

हिशेब वाचून फार समाधान वाटले. दोडक्याची मुळे शाबूत असतील तर वेल काढू नका. फाटलेली पाने छाटा, मांडव उभा करा, पंधरा दिवसांत नवा फुटवा येईल. भेंडीची दोन निरोगी झाडे आजच दोरा बांधून बियाण्यासाठी राखून ठेवा आणि त्यांवरच्या शेंगा झाडावरच वाळू द्या. मेच्या अखेरीस वाफे उचलून उंच करायला घ्या, नाहीतर जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात गवार पिवळी पडेल. मिरचीचे आणि वांग्याचे रोप आत्ता गादीवाफ्यावर टाकले तर पाऊस स्थिरावेपर्यंत ते लावणीला येईल.

बावड्याची_सून (१३ मे)

मिरचीचे रोप जास्त झाले तर मला दहा द्यावे, त्या बदल्यात पोकळ्याचे घरचे बी देते.

आजऱ्याची_लेक (१३ मे)

रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजाराला येते आहे, तिथे भेटू. भेंडीचे बी मात्र अजून वाळायचे आहे.

रंकाळ्याचा_वारा (१४ मे)

आणि यजमानांच्या हिरवळीचे काय झाले?

आजऱ्याची_लेक (१४ मे)

त्या जागेवर लाल भोपळ्याचा वेल गेला आहे. तो त्यांनीच लावला आणि त्याला पाणीही तेच घालतात, पण त्या जागेला अजून हिरवळच म्हणतात.